बोरूबहाद्दर

"अबे बोरूबहाद्दर, दोन ओळी खरडून दे. रडू आलं पाहिजे लोकायले."

डोणगावजवळच्या आमच्या गावच्या मसणात भाऊसाहेब मले हे बोलले. गावातले सगळ्यात मोठे शेतकरी. समोर सरणावर माझा सख्खा काका. भाऊसाहेबाच्याच विहिरीचं खोदकाम करून राह्यला होता. उतरताना दोर तुटला. दोर जुना झाला, हे काकानं आदल्या दिवशी माझ्यासमोर सांगतलं होतं. भाऊसाहेब म्हणले, "एवढं काम निघू दे, मंग पाहू."

आमच्या भागात मयतीले शोकसभा होते. सरण पेटलं की मोठा माणूस उभा राहून दोन शब्द बोलते. भाऊसाहेबाचे दोन शब्द दरवेळी मीच लिहून द्यायचो. पेपरात बातम्या देतो, हाताले सवय. ते वाचत, लोक डोळे पुसत. मंग चारचौघात माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "हा आमचा बोरूबहाद्दर." लोक हासत. मीबी वरवर हासायचो.

शब्दाचा अर्थ शाळेत गुरुजीनं सांगतला होता. बोरू म्हणजे नाल्याकाठचं पोकळ काडं. त्याले टोक काढायचं, शाईत बुडवायचं अन् लिहायचं. तलवार धरायची हिंमत नाही, सारी मर्दुमकी त्या काडीवर, तो बोरूबहाद्दर. घरी येऊन आज्याले सांगतलं. आजा म्हणे, "बोरू कापून आमीच नेऊन देत होतो पटवाऱ्याले. ओट्यावर नाही चढू दिलं कधी. बोरू खालूनच वर टाकायचा."

कापणारे आम्ही. लिहिणारे ते. अन् आता आम्ही लिहाले लागलो, तर शिवी आमच्या वाट्याले.

त्रिसरण-पंचशील झालं. मी पेन काढला. भाऊसाहेब सांगू लागले, "लिही, लय इमानदार गडी होता. आमच्या घरच्यासारखा."

घरच्यासारखा. घरच्या माणसाले जुन्या दोरावर कोण उतरवते हो?

मी पेन खिशात ठेवला. म्हणलं, "तुमचे शब्द तुमी बोला, भाऊसाहेब. माझे मी बोलतो."

ते उठलेच नाहीत. मी उठलो. दोराचं सांगतलं, आदल्या दिवशीचं सांगतलं. कोणी डोळे पुसले नाहीत. बायांमधून काकू तेवढी बोलली, "हाव, खरं हाय."

आता भाऊसाहेब सांगत फिरून राह्यले, बोरूबहाद्दर माजला. सांगू द्या. उद्या ठाण्यात जबाब आहे. तो मी माझ्या हातानं लिहीन. दोर जुना होता अन् त्यायले माहीत होतं, हे पहिल्याच ओळीत लिहीन. खाली माझं पूर्ण नाव टाकीन.