गयाबाईच्या बाजेभोवतीची माणसं

मी नर्स. मरण रोजचंच पाहिलेलं. अंगात येणं, भुतंखेतं... असल्या गोष्टींना आयुष्यभर हसत आले. म्हणून हे कुणाला सांगितलं नव्हतं. आता वय झालंय — हसायचं त्यानं खुशाल हसावं.

निजामाची राजवट होती, महायुद्ध नुकतंच संपलेलं. नदीला पूर आला आणि पूर्णा स्टेशनच्या मालधक्क्यावर आमचा तात्पुरता दवाखाना उघडला. मायदेशी निघालेल्या अमेरिकन फौजेनं पूरग्रस्तांसाठी दिलेल्या औषधांच्या पेट्या रेल्वेनं आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी गयाबाईला बाजेवर घालून आणलं. मेंढरं सोडवताना भिंत मांडीवर कोसळलेली. रक्त थांबवलं, पण फार गेलं होतं. नाडी हाताला लागेना. नवरा चार महिन्यांच्या लेकीला घेऊन पायाशी बसलेला; लेक भुकेनं रडून दमलेली.

डॉक्टरांनी एक पेटी फोडली. दोन बाटल्या — एकीत पिवळसर भुकटी, दुसरीत पाणी. दोन्ही मिसळून, नळी जोडून सुई शिरेत घातली.

"हे कसलं औषध, डॉक्टर?"

"नंतर सांगतो. बाटली उंच धरा, सिस्टर."

धरली. हात भरून आला तरी धरली. मग दुसरी बाटली... हळूहळू नाडी लागली. उन्हं कलायच्या आत गयाबाईनं डोळे उघडले.

"बाई, ती मानसं गेली का?"

"कोणती गं?"

"लय होती. गोरी, बाया अन् बापे. रांगेनं हुभी होती हितं. समद्यांची एक एक बाही वर दुमडलेली. एकेक जन जवळ येऊन माझ्या हाताला हात लावायलता अन् बाजूला व्हायलता."

"भ्यालीस?"

"न्हाई. घरचीच वाटायलती. एक म्हातारी तर रडायलती माझ्यासाठी."

ग्लानीत दिसतं असं काहीबाही. मी लेक तिच्या कुशीत दिली आणि डॉक्टरांना हसत हसत सांगितलं. ते हात धुवत होते, तसेच थांबले.

"तिला कुणी सांगितलं?"

"काय?"

"ती भुकटी माणसांच्या रक्तातली आहे, सिस्टर. लढाईच्या काळात तिकडे अमेरिकेत साध्या माणसांनी रांगा लावून सैनिकांसाठी रक्त दिलं. एका बाटलीत कितीकांचं मिसळलेलं असतं."

हे मलाही माहीत नव्हतं. इंग्रजी माहितीपत्रक डॉक्टरांच्या खिशात होतं, आणि ते दुसऱ्या कुणी पाहिलंही नव्हतं.

पुढे मोठमोठ्या डॉक्टरांना विचारलं. रक्त कमी झालं की भास होतात, म्हणाले. होत असतील... पण नेमका हाच? 

घरी निघताना गयाबाईनं माझा हात धरला. "त्या मानसांना कळवा बाई. म्हनावं, गया बरी हाय. लेकीला पाजायलीय."

डॉक्टरांनी तेवढंच इंग्रजीत लिहून पेटीवरच्या पत्त्यावर पाठवलं. फौज केव्हाच गेली होती. उत्तर आलं नाही. महिनाभरानं मी विचारलं, "पत्र मिळालं असेल का हो?"

 डॉक्टर म्हणाले, "गयाबाईनं सांगितलं ना? मग पोचलं असेल."