आधी जेवणाऱ्या आक्का

वालूरच्या माझ्या घरमालकीण आक्का नवऱ्याच्या आधी जेवत. तेही चोरून नव्हे, त्यांच्या बाजेसमोर ताट घेऊन, मिटक्या मारत. गावभर बोभाटा झाला होता. "धनी बाजंवर पडलाय अन् ही खुशाल हाणायलीय," असं बायका म्हणत. मी शाळेत नवीन शिक्षिका, त्यांच्याच घरात एक खोली घेऊन राहिलेली. खरं सांगते, मलाही ते खटकायचं.

आबांना, म्हणजे आक्कांच्या मालकांना, कॅन्सर झाला होता. डॉक्टरांनी सहा खेपा सांगितल्या होत्या. दर तीन आठवड्यांनी आक्का त्यांना सेलूहून रेल्वेने औरंगाबादच्या दवाखान्यात नेत. तिथे सलाईनमधून लाल औषध चढवत. घरी आल्यावर फोडणीच्या नुसत्या वासानेही आबांना उमळून येई, म्हणून घरात फोडणीच बंद झाली.

पहिल्या खेपेला आक्कांनी रीत पाळली. नवऱ्याच्या पोटात घास नाही, मग आपण कसं जेवायचं? तिसऱ्या दिवशी अंगणात चक्कर येऊन पडल्या. बाजेवरून उठायचं त्राण नसलेले आबा नुसत्या हाका मारत राहिले. मी धावत जाऊन पाणी मारलं. शुद्धीवर आल्या तशा म्हणाल्या, "मीच पडले तर यांना गाडीत कोन चढवायचं? रीत येनार हाय का संगं?" आणि भाकरी कुस्करून बसल्या.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. थंडगार ताक-भाकरीच ती, पण आक्का अशा खात की पाहणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. थोड्या वेळाने आबा कण्हत विचारत, "लय गोड लागायलीय का गं? दे बरं एक घास." "माझंच मला पुरंना," असं म्हणत आक्का अर्धा काला त्यांच्यापुढे सरकवत. बाईचा आहार दांडगा, पण त्यापायी आबांच्या पोटात चार घास जातात, एवढंच मला कळे.

पाचव्या खेपेला आबांनी हाय खाल्ली. त्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद पुकारलेला. "एसटी बंद हाय. देवच नको म्हनायलाय. मरू दे मला घरीच," ते म्हणाले.

"देव काय एसटीत कंडक्टर हाय? उठा!" आक्कांनी बैलगाडी जुंपायला लावली, गाडीत गादी अंथरली आणि स्वतः कासरा धरून सेलूचं स्टेशन गाठलं. एवढ्या जिगरीची बाई मी दुसरी पाहिली नाही. सहाही खेपा पुऱ्या झाल्या. आबा पुढे चार वर्षं शेतावर जाऊन-येऊन होते.

मग दुखणं उलटलं आणि आबा गेले. संध्याकाळी शेजारणी कडू घासाचं पिठलं-भाकरी घेऊन आल्या. मी आक्कांजवळ बसले. त्यांनी ताट बाजूला सारलं. मी म्हटलं, "आक्का, दोन घास तरी घ्या. भूक नसली तरी."

"भूक तर तवाबी नव्हती, बाई," त्या म्हणाल्या. "त्यास्नी लागावी म्हनून खायचे."