विहिरीतल्या भाषेची शिकवणी

दुपारची जेवणं उरकून मी यांच्या खाटेशेजारी चटईवर आडवी होते. डोळा धड लागलेला नाही. सून मोरीत भांडी आपटतेय ते ऐकू येतंय, आणि खाटेवरून हे तोच शब्द घोकतायत. "झुवळू. झुवळू."

अर्धांगाचा झटका आला आणि यांचं मराठी गेलं. राहिली ती लहानपणी बहिणीबरोबर रचलेली भाषा. विहिरीच्या तळाशी एक राज्य आहे, तिथली माणसं असं बोलतात, म्हणे. ती बहीण, चंपावन्सं, गेल्या वर्षीच गेल्या. आता यांचं बोलणं कुणालाच कळत नाही. मलाही नाही, आणि तेच जिवाला लागलंय. या घरात मला विचारल्याशिवाय चूल पेटत नाही, आणि माझ्याच नवऱ्याचं मला कळू नये?

भांड्यांचा आवाज थांबतो. चटई कुठली, हे तर शाळेतलं बसकर. समोर फळ्यापाशी चंपावन्सं उभ्या, हातात छडी. जन्मभर मास्तरीण होत्या.

"वहिनी, उभ्या राहा."

"गुडघे दुखतात माझे."

"दुखू देत. शिकायला आलात ना?"

मी उभी राहते. "हे काय मागतायत तेवढं सांगा. पाणी दिलं तर थुंकतात. पेज दिली तर तोंड फिरवतात."

"आधी धडा. आमच्या भाषेत कोण येतंय त्यावर शब्दाची शेपटी बदलते. घरचं माणूस आलं, तर झुवा. परकं आलं, तर झुवट. म्हणा."

"झुवा. झुवट."

"जीभ जड आहे तुमची." त्या गालातून एक चिंचोका काढतात आणि माझ्या जिभेखाली सारतात. थंडगार. "हा धरल्याशिवाय जमायचं नाही. आम्ही दोघं असंच बोलायचो."

"मी कुणाचं उष्टं खात नाही, वन्सं."

"माझ्या भावाचा जन्म खाल्लात, तेव्हा चाललं."

फळा नाही. आम्ही विहिरीच्या पायऱ्यांवर आहोत, पाणी घोट्यापर्यंत. वन्संच्या अंगावर मी पाठवलेलं लुगडं आहे. बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं, म्हणून मी पाठवलं होतं. त्याचा काठ आता त्यांच्या दंडात रुतलाय.

"नायलॉनचं पाठवलंत," त्या म्हणतात. "जळालं नाही. वितळलं. कातडीला चिकटून बसलंय."

"सरणावरच जायचं होतं ना? त्याला काय पैठणी पाठवायची?"

वन्सं हसतात. "तोंड अजून तसंच आहे."

"ते मरेपर्यंत राहील. मी आले तर काय म्हणायचं? बायको आली तर?"

"झुवट."

"ते परक्याचं."

"तेच. तुमच्यासाठी वेगळी शेपटी केलीच नाही आम्ही. तुमचं लग्न झालं तेव्हा मी दादाला विचारलं होतं, हिच्यासाठी नवी करू या का? म्हणाला, आहे त्यात भागेल."

पाणी कमरेला लागतं. मी मान खाली घालत नाही. ही मास्तरीण असेल तिच्या शाळेत.

"आणि झुवळू?"

"ते मेलेल्यांचं. तो मला विचारतोय, आलीस का? तुम्ही त्याच्या कानाशी एकदाच म्हणा, झुवळू. आले. माझा हात धरून सुखानं निघेल. नाही म्हणालात, तर असाच खाटेवर कुजेल, वाट बघत."

"ते सुखानं जातील. आणि मी?"

"तुम्ही काय," पाण्याआड जाता जाता वन्सं म्हणतात, "झुवट."

"आई, चहा टाकू का?" सून विचारतेय. अंगावर उन्हाची तिरीप आलीय. माझ्या जिभेखाली काहीतरी टणक आहे. तळहातावर थुंकून बघते. चिंचोका. चोखून चोखून गुळगुळीत झालेला. आमच्याकडे आमटीला आमसूल पडतं. चिंच मी या घरात कधी येऊ दिली नाही.

हे मान वळवून माझ्या तळहाताकडे बघतायत. इतक्या दिवसांत पहिल्यांदा डोळ्यांत जीव आलाय.

"झुवळू?" हे विचारतात.

उत्तर माझ्या जिभेवर आहे. शेपटीसकट.

मी चिंचोका कनवटीला खोचते, पेजेचा वाडगा उचलते आणि चमचा यांच्या ओठांना टेकवते.

"तोंड उघडा," मी म्हणते. "कुणीही आलेलं नाही."