सर, पुरवणी!

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी, भर उन्हाळ्यात, औंढ्यातल्या माझ्या टेलरिंगच्या दुकानात चक्क दहावीचा पेपर झाला. परीक्षार्थी एकच, माझी लेक सुमैया. आणि सुपरवायझर मी… आठवी नापास! कसं झालं ते सांगतो, पण मला तरी ते नीट कळलंय असं समजू नका.

तेव्हा सगळंच बंद होतं. नागनाथाचं मंदिर बंद म्हणून बाजार थंड, शाळा बंद म्हणून युनिफॉर्मच्या ऑर्डरी नाहीत. शटर अर्धं खाली ओढून मी नुसता मशीनला तेल घालत बसायचो.

अशात शाळेतून फोन यायला लागले… सुमैयाच्या वर्गशिक्षिका, गणिताच्या मॅडम. आमच्या पिढीला शाळेचा निरोप म्हणजे तक्रार, एवढंच ठाऊक. मी घाबरून पहिलंच वाक्य बोललो, "मॅडम, काय केलं तिनं?"

"काई केलं न्हाई मास्टर," मॅडम म्हणाल्या. टेलरला आमच्याकडे सगळे मास्टरच म्हणतात. "तुमी सगळे बरे हायेत ना? लेकरू जेवतंय ना बराबर?" मी फोन कानापासून लांब धरून नाव पुन्हा वाचलं. शाळाच होती.

मग दर आठवड्याला फोन. बायको म्हणायची, "इस्कूलवाले कायकू इत्ता फोन कर रहे? फीस होना क्या उनको?" पण मॅडम फीबद्दल चकार शब्द काढायच्या नाहीत. घरात कुणाला ताप आहे का, नेट पुरतं का, एवढंच… आणि मी गोंधळून नुसता "हो जी, हो जी" करायचो.

परीक्षा आधी पुढे ढकलली, मग बातमी आली की रद्दच. सगळे पास! गल्लीत पोरांनी धुमाकूळ घातला… आणि आमच्या घरात सन्नाटा.

सुमैया भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जेवेना, बोलेना. शेवटी एवढंच म्हणाली, "अब्बा, पेपर दियाच नै, तो पास कैसे?"

वर म्हणे, अकरावीचा फॉर्म भरू नका, मी जाणार नाही. सगळे ढकलपास म्हणून हसतील. आता घ्या… लोकांच्या पोरी नापास झाल्या म्हणून शाळा सोडतात, माझी पास झाली म्हणून सोडत होती! मी वरवर हसलो, पण आतून भीती वाटत होती. आमच्याकडे पोरगी एकदा घरी बसली की स्थळं यायला वेळ लागत नाही, आणि मग शिक्षणाचं नाव कोण काढतो?

पुढच्या फोनला न राहवून मॅडमना सगळं सांगितलं. त्या मूल्यमापन, नववीचे गुण असं काहीबाही समजावत होत्या. माझा तोल गेला. "मॅडम, मी माप घेतल्याबिगर कापडाला कात्री लावत न्हाई. तुमी पोरीचं माप न घेताच ड्रेस शिवून राहिले!"

मॅडम म्हणाल्या, "तर मग घेऊ की माप. पेपर मी काढते. तुमी तिला दुकानात बसवा. नावाचे मास्टर हायेतच, आता सुपरवायझर व्हा."

"हे मार्क धरणार का?"

"न्हाई."

"मग काहून द्यायचा पेपर?"

"तिला द्यायचाय म्हणून."

मला काही उलगडा झाला नाही. पण सकाळी मॅडम मास्क लावून स्कूटीवर आल्या आणि शटरखालून बंद पाकीट देऊन गेल्या.

कटिंगचं टेबल रिकामं केलं. सुमैया युनिफॉर्म घालून आली… मीच शिवलेला, वर्षभर कपाटात पडलेला, बाह्या आखूड झालेल्या. मला हसू फुटलं तर तिने डोळे वटारले. बायको चहा घेऊन आली, तिला बाहेर काढलं. मग मीही गंभीर चेहरा करून टेबलाभोवती फेऱ्या मारू लागलो.

मध्येच तिने हात वर केला. "सर, पुरवणी!"

सर? मी मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. मग उमगलं… ते मीच! कोरा कागद दिला तर म्हणते, बांधायला दोरा. दोऱ्याचा आपल्याकडे काय तोटा? पांढऱ्या रिळाचा दोरा तोडून दिला.

दोन-तीन दिवसांनी मॅडम तपासलेला पेपर घेऊन आल्या. मला वाटलं, लेकराचं मन राखायला पैकीच्या पैकी देतील. कसलं काय! भूमितीच्या एका सिद्धतेत कारणं लिहिली नाहीत म्हणून चांगले चार मार्क कापलेले. मला रागच आला. जी परीक्षा कुठे धरणारच नाहीत, तिच्यात कशाला कापायचे?

आणि सुमैया… त्या लाल पेनाकडे बघून हसायला लागली. कित्येक दिवसांनी. मग मॅडमशी चक्क भांडली, "मॅडम, दोनच कापायला पाहिजे होते!" मॅडमही हटेनात. एक शटरच्या आत, एक बाहेर, दोघींची भूमिती चाललेली आणि मी गळ्यात टेप घालून मधे उभा. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली. हात धुता धुता म्हणाली, "अब्बा, अकरावी का फॉर्म कब भरना?"

आता ती नांदेडला कॉलेजात आहे. परवा पेपर सुटल्यावर तिचा फोन आला, "अब्बा, आज दो पुरवणी ली." ते ऐकूनच हे लिहायला बसलो. दुकानातली ती परीक्षा खरी होती की खोटी, मला अजून ठरवता येत नाही.

त्या वर्षी सगळ्या पोरांना मार्क मिळाले. माझ्या लेकीचे मात्र तुम्ही चार कापलेत… मॅडम, मनापासून शुक्रिया.