चौथी मूठ

आम्ही गाव सोडलं तेव्हा मी सात वर्षांची होते. पत्र्याची एक पेटी, गोधड्यांची वळकटी आणि आईच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेला कानबाईचा नारळ, एवढा आमचा संसार एसटीत चढला. धाकटा नाना आबांच्या खांद्यावर झोपला होता. नंदुरबारला जाऊन सुरतेची गाडी धरायची होती. वाटेत एका फाट्यावर ड्रायव्हर चहाला उतरला आणि एसटी बराच वेळ थांबली. आई उठून उभी राहिली आणि बाभळींच्या पलीकडे दिसणाऱ्या घरांकडे बघत राहिली. आबा तिच्याकडे न बघताच म्हणाले, "मांगे देखू नको आते." आई बसली आणि तिने पदर तोंडावर ओढून घेतला. मला वाटलं, गावाच्या आठवणीने रडतेय. आमचं गाव तासाभरापूर्वीच मागे पडलं होतं, हे माझ्या लक्षात यायला पन्नास वर्षं गेली.

सुरतेत लिंबायतला एक खोली मिळाली. आबा लूमच्या खात्यात लागले. एका छपराखाली वीस-पंचवीस माग, आणि आवाज एवढा की कारागीर एकमेकांचे ओठ बघून बोलणं ओळखायचे. आबा घरीही तसंच बोलू लागले, निम्मं तोंडातल्या तोंडात. बापूचा, माझ्या दुसऱ्या भावाचा, जन्म इथलाच. गल्लीत सगळे आपलेच होते, कोणी साक्रीकडचे, कोणी शिरपूरकडचे. म्हणून सुट्टीत गावी गेलो की आम्ही सांगायचो, सुरतेत परकं वाटतच नाही. तुम्हा गावाकडच्यांना ते खरं वाटायचं आणि थोडा रागही यायचा. पण एक फरक होता. गावात सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं. इथे माणूस स्वतःबद्दल जेवढं सांगेल तेवढंच शेजाऱ्याला कळतं. काही माणसं सुरतेला पोटासाठी आली, काही या सोयीसाठी. आमच्या घराला दोन्ही कारणं होती, मला त्यातलं एकच सांगितलं गेलं.

आता ज्यांच्या घरी कानबाई नसते त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्ही खानदेशी माणसं कानबाई बसवतो आणि सोमवारी वाजतगाजत तापीवर नेऊन पोचवतो. तिच्या नैवेद्याचे रोट करतात. त्या रोटांचे गहू मोजायची रीत आहे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, त्या बेताने हरभऱ्याची डाळ घालायची, आणि चक्की धुऊन घेतलेली असेल तिथेच दळून आणायचं. तान्हा मुलगा असला तरी त्याची मूठ निघते. बायकांची निघत नाही. मेलेल्याची तर निघतच नाही, ते अशुभ. रोट खायचे ते फक्त आपल्या कुळातल्यांनी. मुलीचं लग्न झालं की तिच्यापुढे रोट ठेवत नाहीत, ती दुसऱ्यांची झाली.

आमच्या घरात आबा, नाना आणि बापू, म्हणजे तीन मुठी. आई चार काढायची. चौथी काढताना ती नाव घेत नसे, ओठ मिटून घेई. मी नऊ-दहा वर्षांची असताना विचारलं, ही कोणाची गं? ती म्हणाली, "गुमान बैस." पण म्हणताना तिने माझ्या गालाला पिठाचा हात लावला, आणि माझी खात्री पटली की ती मूठ माझीच आहे. रीत मोडून, देवीच्या डोळ्यांदेखत, आई माझी मूठ काढते. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बंद झालं असतं.

हसू नका. त्या एका मुठीवर मी बरंच काही सोसलं. नानाला सायकल आली, मला आली नाही. बापूच्या दुधात साय असायची, माझ्या चहात दूधच नसायचं. मी कधी तोंड वाकडं केलं नाही, कारण आतून मला माहीत होतं की खरा हिशेब वेगळा आहे. पुढे शिकले, महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका झाले, लग्न होऊन उधन्याला गेले. माझ्यासाठी रोट बंद झाले तरी दर श्रावणात सकाळीच माहेरी जायची आणि आईच्या शेजारी बसून मोजायची. एक जास्त असायचीच. आबा गेले त्या वर्षी आईने कोरड्या डोळ्यांनी त्यांची मूठ वगळली, माझी वगळली नाही.

गेल्या श्रावणात आईचे हात फार थरथरायला लागले होते. ब्याऐंशी वर्षांची बाई. गहू काढायला बापूची बायको शोभा बसली आणि आई तिच्या शेजारी खुर्चीवर. नाना, बापू, नानाचे दोन मुलगे, बापूचा एक. शोभाने पाच नावं घेऊन पाच मुठी काढल्या आणि सूप उचललं.

"आखो एक," आई म्हणाली.

"आखो कोनी, आत्याबाई?" शोभाने विचारलं.

मला राहवलं नाही. इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही असं वाटलं. मी हसत म्हटलं, "काढ गं, माझी आहे ती. आई लहानपणापासून काढते."

आई माझ्याकडे बघत राहिली. तिला खरोखरच आश्चर्य वाटलेलं दिसत होतं. मग ती म्हणाली, "तुनी नही व माय. भिकानी शे. मना पोऱ्यानी."

शोभाने सूप खाली ठेवलं. मी विचारलं, "कोण भिका?"

आईने सांगितलं ते तुटक-तुटक, दोन दिवसांत मिळून. आबांच्या आधी तिचं एक लग्न झालं होतं. तो नवरा तिच्या विसाव्या वर्षी तिला विधवा करून गेला. मुलगा तीन वर्षांचा होता. तिच्या बापाने आबांशी पाट लावून दिला तेव्हा पहिल्या सासरच्या भाऊबंदांनी मुलाला ठेवून घेतलं, पोरगं आमच्या कुळाचं आहे म्हणून. आबांचीही एकच अट होती, त्या घराचं नाव या घरात निघायचं नाही. फाट्यावरून दिसणारी ती बाभळींमागची घरं त्या पहिल्या सासरच्या गावाची होती. मी विचारलं, आबांना चौथी मूठ माहीत होती का? ती म्हणाली, माहीत होती. त्यांनी कधी विचारलं नाही आणि ताटातला रोट कधी टाकलाही नाही.

दुसऱ्या कुळाच्या मुलाची मूठ आमच्या देवीच्या रोटात घालणं म्हणजे आईच्या दृष्टीने केवढा अपराध होता, ते तुम्ही गावाकडचे बरोबर समजाल. आणि मला काय वाटलं तेही सांगते, कारण लपवून उपयोग नाही. मला त्या माणसाचा हेवा वाटला. साठीच्या पुढचा, न पाहिलेला भाऊ, आणि मी सत्तावन्न वर्षांची बाई त्याच्यावर रुसून मोरीत जाऊन रडले.

कानबाईला पोचवून आलो तेव्हा आईने मला जवळ बोलावलं. तिला भिकाला भेटायचं नव्हतं. कोणत्या तोंडाने भेटू, म्हणाली. तिला एवढंच हवं होतं, "जिवत शे का नही, तेवढंच देखी ये." वय झालं, आपल्या हातून मेलेल्याची मूठ निघत असेल तर ते पाप नातवांना लागेल, ही तिची धास्ती होती. नाना ऐकूनच तापला. त्याच्या थोरल्याचं लग्न जमत होतं. "आता या वयात आईचा पाट गावभर करायचाय का तुला?" त्याने मला विचारलं. बापू काहीच बोलला नाही, आणि बापू बोलला नाही म्हणजे तो नानाच्या बाजूचा असतो. मी एकटीच निघाले.

फाट्याच्या गावाला गेले. भिकाच्या चुलत घरातला एक म्हातारा ओट्यावर बसला होता. त्याने माझं नाव-गाव विचारून घेतलं आणि म्हणाला, "तो आठे कोठे? तो ते तुमनाकडेच शे, सुरतले. कडोदराले. तीस वरीस झाये." घर कसं शोधायचं ते त्याने सांगितलं, भिकाची इतक्यातली खबर त्याला ठाऊक नव्हती. लिंबायतहून कडोदऱ्याला जायला रिक्षाने तासही लागत नाही. मी कितीदा तिथून गेले असेन, साड्या घ्यायला, लग्नांना, निवडणुकीच्या ड्युटीला.

कडोदऱ्याला एका चाळीत त्याची बायको भेटली. सुमन तिचं नाव. भिंतीवर फोटो होता, हार घातलेला. त्यात आमचा नाना हसत होता, इतकं साम्य. सुमन म्हणाली, तीन वर्षं झाली, छातीच्या दुखण्याने गेले. आयुष्य लूमवर काढलेला माणूस, छातीत कापूसच भरला होता, असं डॉक्टर म्हणाले. मूलबाळ झालं नाही. मी कोण ते सांगितल्यावर ती जराही दचकली नाही. "बसा ताई," म्हणाली, "त्यांना सगळं ठाऊक होतं."

सुरतेला आल्यावर पहिल्याच वर्षी तो आमचा पत्ता काढून दारापर्यंत गेला होता. माझं तेव्हा लग्न झालेलं होतं, आई घरी एकटी असावी. तिने दार उघडलं आणि विचारलं, कोणाकडे आलात? तिने ओळखलं नाही. ओळखणार कशी, तीन वर्षांचा सोडलेला. तो म्हणाला, पत्ता चुकलो, जरा पाणी द्या. पाणी प्यायला आणि परत आला. "घरी येऊन दोन दिवस खात्यात गेले नाहीत," सुमन सांगत होती. "फक्त म्हणायचे, मायना हातनं पानी मिळनं." त्यानंतर तो दर वर्षी कानबाईच्या सोमवारी लिंबायतला यायचा आणि मिरवणुकीच्या गर्दीत उभा राहायचा. डोक्यावर कानबाई घेऊन आई पुढून जायची तेवढं बघायचा आणि दुपारच्या पाळीला परतायचा. मी विचारलं, एकदा तरी बोलले का नाहीत? सुमन म्हणाली, त्यांना वाटायचं, आई आपल्याला विसरली, मग कशाला तिच्या संसारात विघ्न आणायचं.

परतताना रिक्षात मी एकच विचार करत होते. तो गेल्यावर तीन श्रावण झाले होते. तीन श्रावण आईने मेलेल्या मुलाची मूठ काढून देवीला दाखवली होती आणि ते रोट नातवांना खाऊ घातले होते. हे तिला कसं सांगायचं? ब्याऐंशीव्या वर्षी तिला हे ऐकवून मी काय साधणार होते? असं मी स्वतःला समजावलं. यात दुसरंही काही मिसळलेलं होतं. त्याच्यासाठी तिने ऊर बडवलेला मला बघवला नसता.

आई पलंगावर बसून माझीच वाट बघत होती. मी म्हटलं, "आहे. कडोदऱ्याला असतो. बरा आहे."

तिने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. तिचा चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता, आणि मला वाटलं, चांगलं केलं. मग तिने थोडा विचार केला. कडोदरा किती लांब ते तिलाही माहीत होतं.

"मंग तो येस काबर नही?" तिने विचारलं.

काम असतं, येईल कधीतरी, असलं काहीतरी मी बोलले. तिने ते ऐकून घेतलं. रागे भरेल शे, एवढंच ती म्हणाली, आणि त्याचा राग बरोबर आहे अशा अर्थाने मान हलवली. खरं सांगितलं असतं तर ती महिनाभर रडली असती आणि मग सुटली असती. मी तिला जवळच राहणारा, सगळं माहीत असलेला आणि तरी न येणारा मुलगा दिला. नंतर कितीदा तोंडाशी आलं, पण आता सांगायचं तर आधीचं खोटंही कबूल करावं लागणार होतं. माझी हिंमत झाली नाही. पौषात आई गेली. नानाने सुमनला कळवू दिलं नाही, मी तिसऱ्या दिवशी जाऊन सांगून आले.

घर म्हणजे काय, यावर आम्ही गाव सोडलेली माणसं फार बोलतो. जिथे कोणी आपली वाट बघतं ते घर, असं मीही फळ्यावर मुलांना निबंधात लिहून दिलेलं आहे. लिंबायतच्या त्या खोलीत आईने शेवटचे चार महिने वाट बघितली. दिवसा दाराला कडी लावू देत नसे, शोभा चिडायची. मी रोज संध्याकाळी शाळेतून परस्पर तिकडे जायचे. पायरीवर माझं पाऊल वाजलं की ती घाईने पदर सारखा करून मान वर करायची, आणि मी आहे असं दिसलं की पुन्हा खाली घालायची.