उघडं लेकरू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. सासूबाईंना जाऊन महिना झाला, आणि मी आत्ता सांगायला बसले आहे — त्या ऐकायला नसताना. हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या होत्या. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कावीळ उतरवणारा निळा दिवा आम्हाला मिळाला तो नांदेडच्या दवाखान्यात. सिस्टरनं बजावलं होतं, डोळ्यांवर पट्टी, बाकी अंग उघडं. उजेड कातडीवर पडला तरच उपयोग; कावीळ वाढली तर कानही जातात. मला ते नीट समजलं होतं. मी शिकलेली होते ना.

लेक लवकर का झाली? सासूबाईंनी भरल्या वॉर्डात कारण सांगितलं — "दिवसभर पुस्तकं वाचून राहिली ही. पोट कुणी सांभाळायचं?" बायका हसल्या. मी भिंतीकडे तोंड केलं.

दुष्काळाचं साल. दुपारी टँकर आला की सिस्टरही पाणी भरून घ्यायला खाली जायची. तेवढ्यात सासूबाई दिव्याखालच्या लेकीवर आपलं जुनं लुगडं चौपदरी करून पांघरायच्या. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत वारासुद्धा येऊ देत नाहीत. उघडं लेकरू त्यांना बघवत नव्हतं.

मी पाहिलं. एक शब्द पुरला असता. पण — कसं सांगू? — सिस्टरनं त्यांना धरावं, सगळ्यांदेखत, असं मला हवं होतं. म्हणून डोळे मिटून पडून राहिले. पहिल्या दुपारी सिस्टर यायच्या आत लुगडं निघालं. दुसऱ्या दुपारीही तेच. तरी मी वाट पाहिली.

शेवटी सापडल्या. "आजी, लेकराला मारून राहिल्या का तुम्ही?" सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. माझ्या जिवाला गार वाटलं.

लेक वाचली. ऐकू मात्र तिला कधीच आलं नाही. डॉक्टर म्हणाले, एवढं लहान बाळ, कशानंही झालं असेल. तो आधार मी घेत नाही. घरात कारण एकच ठरलं — लुगडं. मी ते ठरू दिलं.

तिला वाढवलं सासूबाईंनीच. रोज वेणी घालून झाली की तिच्यासमोर बसून स्वतःचे दोन्ही कान धरायच्या. पोरीला तो खेळ वाटायचा. तीही कान धरून हसायची. मी दारातून बघत असे. थांबवावंसं वाटलं नाही. बरं वाटायचं — अगदी त्यांच्या शेवटच्या सकाळपर्यंत बरं वाटलं.