हिरवी पेन्सिल

आमच्या दूध सोसायटीतले एक कारकून फोटो स्टुडिओतून काळा कागद मागून आणायचे आणि त्यावर रंगीत पेन्सिलींनी झाडं काढायचे. पांढरा कागद त्यांना चालायचा नाही. "आपलं रान काळं. पांढऱ्यात काय उगवतंय?"

दुष्काळात त्यांनी माझी ज्वारी कागदावर काढली, तीही वाळलेलीच. मी चिडून तुळजापूरहून हिरवी पेन्सिल आणून दिली. "जरा हिरवी करा की!"

त्यांनी ती खिशाला लावली. "रानात दिसू द्या आधी."

पुढच्या पावसाळ्यात ते माझ्या बांधावरून ओरडले, "थांबा, खुरपू नका!" एवढं पीक सोडून कारकूनसाहेबांना आवडलं होतं कुर्डूचं तण. हिरव्या पेन्सिलीला टोक करत ते मांडी घालून बसले. मीही खुरपं ठेवून दुपारपर्यंत त्या तणाची राखण केली.